पिनांचा करार : एम्बेडेड संगणक-मॉड्यूलांच्या जोडणीचा इतिहास

कारखान्यातील यंत्र, रुग्णालयातील तपासणीचे उपकरण किंवा रेल्वेचा डबा यांचे आयुष्य आणि त्यांच्या आत बसवलेल्या संगणकाचे आयुष्य यांत मोठी तफावत असते. रेल्वेचा डबा सहज तीस वर्षे रुळांवर राहतो, मोठे वैद्यकीय उपकरण दहा-पंधरा वर्षे वापरात असते, परंतु ज्या प्रोसेसरवर त्यांचे नियंत्रण अवलंबून असते तो सर्वसाधारण संगणकांच्या बाजारातून काही वर्षांतच मागे पडतो आणि पुढे मिळेनासा होतो. यंत्राच्या पोटात कायमचा बसवलेला आणि एकच नेमून दिलेले काम करणारा असा संगणक म्हणजे एम्बेडेड संगणक. वरील तफावतीवर अभियंत्यांनी शोधलेला उपाय असा की, प्रोसेसर, स्मृती आणि त्यांच्या भोवतालच्या चिपा एका लहान, सुट्या करता येणाऱ्या पट्टीवर घ्यायच्या, यंत्राला लागणारे बाकीचे भाग दुसऱ्या पट्टीवर ठेवायचे आणि या दोहोंमधील जोडणी, म्हणजे पिनांची संख्या, जागा, विद्युतदाब आणि प्रत्येक पिनेवरील संकेताचा अर्थ, एकदा ठरवून ती दीर्घकाळ बदलायची नाही. सुट्या पट्टीला मॉड्यूल म्हटले जाते. मॉड्यूल बदलले तरी यंत्र तेच राहावे, हे या व्यवस्थेचे मूळ वचन होय. ते कोणी, किती काळ आणि काय किंमत मोजून पाळले, हा या व्यवसायाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

या कल्पनेचे सर्वांत शुद्ध रूप मायक्रोप्रोसेसरच्याही आधीचे आहे. युरोपातील अणुसंशोधन प्रयोगशाळांच्या एसोन या समितीने १९६९ मध्ये कॅमॅक नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात मोजमापाची उपकरणे पंचवीस खणांच्या एका चौकटीत सरकवून बसवली जात. प्रत्येक खणाच्या मागे ८६ संपर्कबिंदूंचा कनेक्टर असे आणि सर्व खण एका समाईक मार्गाने जोडलेले असत. अशा समाईक मार्गाला संगणकशास्त्रात बस म्हणतात. कॅमॅकच्या रचनाकारांनी ही बस कोणत्याही विशिष्ट संगणकाच्या संकेतांवर आधारली नाही. संगणकाशी बोलण्याचे काम चौकटीच्या टोकाला बसणाऱ्या नियंत्रकावर सोपवले गेले, त्यामुळे संगणक बदलला की केवळ तो नियंत्रक बदलावा लागे आणि मोजमापाची मॉड्यूले जागच्या जागी राहत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून उभारलेल्या पेलेट्रॉन त्वरकावर कॅमॅक चौकटींतून प्रयोगांच्या नोंदी घेतल्या गेल्या, आणि त्या वाचणारे संगणक व आज्ञावल्या बदलत गेल्या तरी चौकटींचा उपयोग होत राहिला. हे शक्य झाले ते करार करताना दोन्ही बाजूंना एकमेकींपासून जाणीवपूर्वक दूर ठेवल्यामुळे.

सूक्ष्म संगणकांचा काळ सुरू झाला तेव्हा हे शहाणपण बाजूला पडले. १९७५ च्या आल्टेअर ८८०० या संगणकातील शंभर पिनांची बस, जिला पुढे एस-१०० हे नाव पडले, ही मुख्यतः इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरच्या पिनांवरील संकेतांचेच प्रतिबिंब होती. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकात ६२ संपर्कांचे विस्तार-खण दिले, १९८४ च्या एटी प्रारूपात त्यांना आणखी ३६ संपर्क जोडले, आणि पुढे आयएसए या नावाने ओळखली गेलेली ही बसही ८०८८ आणि ८०२८६ या प्रोसेसरांच्या चालण्याशी घट्ट बांधलेली होती. तिचा लेखी करार कोणी केलाच नव्हता. अनेक कंपन्यांनी आयबीएमच्या यंत्रांची तंतोतंत प्रतिकृती काढता काढता ती घडवली, आणि अमेरिकेतील आयईईई या अभियंता संस्थेने पी९९६ या क्रमांकाने तिचा जो मसुदा तयार केला तो अंतिम मानकाच्या पदाला कधीच पोहोचला नाही. तरीही या बसच्या खणांत बसणारे हजारो पत्रे, म्हणजे जोड-पट्ट्या, जगभर निघाले, तिच्यासाठी अफाट प्रमाणात आज्ञावल्या लिहिल्या गेल्या, आणि म्हणूनच एम्बेडेड क्षेत्राने तिला उचलले.

ते उचलण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील ॲम्प्रो या लहानशा कंपनीकडे जाते. या कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापात बसणारा लिट्ल बोर्ड नावाचा एकपट्टी संगणक विकला होता. अशा संगणकाला जोड हवी असेल तर आयएसएचे मोठे पत्रे लावायला जागा नव्हती. शिवाय केवळ एका कडेने खणात उभे राहणारे पत्रे धक्के आणि कंपन यांत सैल होत. १९८७ मध्ये ॲम्प्रोने सुमारे ९० गुणिले ९६ मिलिमीटर मापाची मॉड्यूले काढली, त्यांवर आयएसएचे संकेत कडेच्या संपर्कांऐवजी पिना आणि भोके असलेल्या कनेक्टरवर आणले, आणि एका मॉड्यूलच्या पिना खालच्या मॉड्यूलच्या भोकांत शिरतील अशी उतरंड रचली. चारही कोपऱ्यांना धातूच्या खुंट्या असल्यामुळे ही उतरंड एकसंध ठोकळ्यासारखी घट्ट होई. आधारपट्टीची, म्हणजे सर्व खण धारण करणाऱ्या मागच्या पट्टीची, गरजच संपली.

कंपनीचे सहसंस्थापक रिक लेरबॉम यांनी ही रचना खासगी न ठेवता खुली करण्याचा आग्रह धरला, आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये बारा कंपन्यांच्या संघाने ती पीसी/१०४ या नावाने प्रसिद्ध केली. नावातील आकडा पिनांचा आहे : ६४ पिनांचा एक आणि ४० पिनांचा दुसरा असे दोन कनेक्टर. मूळच्या ६२ अधिक ३६ संपर्कांच्या तुलनेत वाढलेल्या पिना मुख्यतः भूसंपर्कासाठी दिल्या गेल्या. अधिक महत्त्वाचा बदल विद्युतप्रवाहाचा होता. मूळ आयएसएवर बहुतेक संकेतांना २४ मिलिअँपिअरची ताकद लागे, ती येथे ४ मिलिअँपिअरवर आणली गेली, कारण उतरंड आखूड होती आणि संकेतांना लांब जायचे नव्हते. परिणामी एका जोड-मॉड्यूलचा वीजवापर एक-दोन वॉटपर्यंत उतरला आणि पंख्यावाचून बंद पेटीत संगणक ठेवणे शक्य झाले. दोन जागी पीन काढून टाकून समोरचे भोक बुजवण्याची सोयही मानकात होती, जेणेकरून मॉड्यूल सरकून चुकीच्या रांगेत बसू नये. मानक लिहिणाऱ्यांनी यंत्र हाताळणाऱ्या माणसाचा विचार केला होता याची ही खूण आहे, आणि पीसी/१०४ च्या दीर्घायुष्यात अशा बारीक गोष्टींचा वाटा त्याच्या विद्युतगुणांइतकाच मानला पाहिजे.

तथापि पीसी/१०४ ने आयएसएचे बलस्थान घेतले तसे तिचे परावलंबनही घेतले. बस प्रोसेसर-निर्मात्याच्या मर्जीवर जगत होती आणि त्या निर्मात्याचे लक्ष टेबलावरील संगणकांकडे होते. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय ही अधिक वेगवान बस आणली. १९९८ मध्ये आयएसएवरील उरलीसुरली कामे मोजक्या तारांवर नेणारी एलपीसी ही जोडणी मांडली. आणि १९९९ च्या ८१० या चिपसंचापासून इंटेलच्या नव्या संचांत आयएसए थेट मिळणे बंद होत गेले. टेबलावरील संगणक वापरणाऱ्यांना त्याची खंत वाटण्याचे कारण नव्हते. ज्यांच्या यंत्रात मोटारी फिरवणारे किंवा दाब मोजणारे पीसी/१०४ मॉड्यूल होते, त्यांच्यापुढे मात्र पेच उभा राहिला. संघाने १९९७ मध्ये पीसी/१०४-प्लस हे मानक काढून जुन्या दोन कनेक्टरांच्या समोरच्या बाजूला पीसीआयसाठी १२० पिनांचा तिसरा कनेक्टर बसवला. २००३ च्या पीसीआय-१०४ मध्ये जुने कनेक्टर काढून केवळ नवा ठेवला. २००८ मध्ये पीसीआय एक्सप्रेससाठी १५६ पिनांचा आणखी एक कनेक्टर आणला. प्रत्येक पायरीवर मापे आणि कोपऱ्यांची भोके तीच राहिली, आणि प्रत्येक पायरीवर आधी जुने व नवे शेजारी नांदवून मग जुने वगळण्याची मुभा दिली गेली. ही पद्धत महाग होती, कारण पट्टीवरील मोलाची जागा जुन्या पिना अडवून बसत; पण वापरणाऱ्याला संक्रमणासाठी दशकभराचा अवधी मिळाला.

आयएसए मागणाऱ्यांना पुरवठा पुढेही होत राहिला, तो दोन मार्गांनी. एक म्हणजे पीसीआयचे संकेत आयएसएमध्ये रूपांतरित करणाऱ्या सेतू-चिपा. त्या बहुतेक कामांना पुरत, पण स्मृतीत थेट माहिती टाकण्याची जुनी पद्धत किंवा एखाद्या आज्ञावलीने गृहीत धरलेला नेमका कालावधी यांबाबतीत त्या मूळ बसशी हुबेहूब जुळतीलच अशी खात्री नसे. दुसरा मार्ग तैवानमधील डीएमपी कंपनीच्या व्होर्टेक्स८६ मालिकेने दाखवला; या प्रोसेसर-चिपांत आयएसए मूळचीच ठेवलेली आहे. इंटेलनेही एम्बेडेड ग्राहकांसाठी जुन्या चिपांचे उत्पादन लांबवले होते. १९८५ मध्ये आलेल्या ३८६ आणि १९८९ मध्ये आलेल्या ४८६ या प्रोसेसरांचे उत्पादन सप्टेंबर २००७ अखेर थांबवण्याची घोषणा कंपनीने २००६ मध्ये केली, म्हणजे ३८६ बावीस वर्षे मिळत राहिला. चिप टिकवून ठेवण्याचा मार्ग अशक्य नव्हता. तो एका पुरवठादाराच्या एका निर्णयावर टांगलेला होता.

मध्यंतरी बव्हेरियातील डेगेनडोर्फ या डॅन्यूबकाठच्या गावात वेगळा विचार आकाराला येत होता. तेथील जंपटेक कंपनीने, जी २००२ मध्ये काँट्रॉनमध्ये विलीन झाली, ईटीएक्स हे मॉड्यूल मांडले. पीसी/१०४ मध्ये संगणक हा उतरंडीतील एक मजला होता. ईटीएक्समध्ये ९५ गुणिले ११४ मिलिमीटरचे मॉड्यूल हा पूर्ण संगणक होता आणि त्याच्या खाली यंत्र-निर्मात्याने स्वतः घडवलेली वाहक-पट्टी असे. प्रोसेसरभोवतीची अतिवेगवान, अनेक थरांची आणि अवघड रचना मॉड्यूल-निर्मात्याने करायची. कोणता कनेक्टर यंत्राच्या कोणत्या बाजूला यावा, कोणते संवेदक जोडावेत, हे यंत्र-निर्मात्याने आपल्या साध्या पट्टीवर ठरवायचे. श्रमविभागणीची ही रेघ इतकी सोयीची ठरली की पुढील सर्व मॉड्यूल-मानकांनी ती कायम ठेवली. मॉड्यूलाखाली शंभर-शंभर पिनांचे चार कनेक्टर होते : पहिल्यावर पीसीआय, यूएसबी आणि ध्वनी, दुसऱ्यावर आयएसए, तिसऱ्यावर पडदा, कळफलक व क्रमिक जोडण्या, आणि चौथ्यावर चकती व नेटवर्क. उष्णतेचाही करार केला गेला. प्रोसेसरवर एक धातूची सपाट उष्णता-पट्टी ठरलेल्या उंचीवर बसवली जाई, जेणेकरून आतील चिप उंच असो वा ठेंगणी, यंत्राच्या पेटीला तिचा एकच पृष्ठभाग भेटावा.

ईटीएक्सच्या चार कनेक्टरांपैकी एक पूर्ण आयएसएला दिलेला होता, आणि पीसीआय एक्सप्रेस व साटा या नव्या क्रमिक जोडण्या आल्या तेव्हा याच कनेक्टरवरून मार्ग दुभंगला. २००५ मध्ये ॲडव्हान्टेक, ॲम्प्रो आणि डेगेनडोर्फमध्येच नुकतीच स्थापन झालेली काँगाटेक यांनी एक्सटीएक्स हे रूप पुढे आणले, ज्यात तीन कनेक्टर जसेच्या तसे ठेवून आयएसएच्या जागी नव्या जोडण्या दिल्या होत्या. काँट्रॉनने ईटीएक्स ३.० मध्ये चारही कनेक्टरांना हात न लावता साटासाठी मॉड्यूलच्या अंगावरच दोन चिमुकले वेगळे कनेक्टर बसवले. ज्याची वाहक-पट्टी आयएसए वापरत नव्हती त्याला एक्सटीएक्समध्ये भविष्य दिसले. ज्याची वापरत होती त्याला ते मॉड्यूल बसत असूनही निरुपयोगी होते. हा वाद तांत्रिक वाटला तरी त्यामागे सुसंगतीच्या दोन व्याख्या होत्या. एका व्याख्येनुसार बहुसंख्य वापरणाऱ्यांचे काम चालणे पुरेसे असते, दुसरीनुसार पूर्वी दिलेली एकही पीन परत घेणे हा वचनभंग ठरतो. दुसरी व्याख्या अधिक प्रामाणिक आहे यात शंका नाही, कारण वाहक-पट्टी बनवणाऱ्याने मानकातील प्रत्येक पिनेवर विसंबूनच आपला पैसा गुंतवलेला असतो. मात्र केवळ तिच्या बळावर कोणतेही मानक नव्या जोडण्यांना सामावून घेऊ शकले नाही, हेही तितकेच खरे.

१० जुलै २००५ रोजी पीआयसीएमजी या उद्योगसंघाने मंजूर केलेल्या कॉम एक्सप्रेस मानकाने यातून धडा घेतला. त्यात २२० पिनांच्या दोन कनेक्टरांवर ४४० पिना होत्या आणि आरंभीच पाच प्रकार आखले गेले. दुसऱ्या प्रकारात पीसीआय आणि जुनी समांतर चकती-जोडणी आयडीई या दोन्ही होत्या, तिसऱ्यात आयडीई नव्हती, चौथ्यात पीसीआय नव्हती, पाचव्यात दोन्ही नव्हत्या. म्हणजे जुन्या जोडण्या एक ना एक दिवस जातील हे मानकानेच आधी सांगून ठेवले. त्याहून मोलाची योजना अशी की, काही पिना केवळ मॉड्यूलचा प्रकार जाहीर करण्यासाठी राखल्या होत्या, ज्या वाचून वाहक-पट्टी न जुळणाऱ्या मॉड्यूलला वीज देण्याचेच नाकारू शके. एकसारखा दिसणारा कनेक्टर आणि वेगळा अर्थ असलेल्या पिना यांच्या संगमाने महागडी पट्टी जळू शकते, हा धोका अशा रीतीने करारातच अडवला गेला.

प्रत्यक्षात भविष्य आखल्याप्रमाणे आले नाही. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रकार फारसे रुजले नाहीत, दुसराच सर्वत्र चालला, आणि २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत सहावा प्रकार आणावा लागला, ज्यात पीसीआय व आयडीईच्या पिना अंकीय पडदा-जोडण्या, नव्या यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या अधिक मार्गिका यांना दिल्या गेल्या. या आवृत्तीतील एक तपशील या व्यवसायाची खरी शिस्त दाखवतो. मानकाच्या पहिल्या आवृत्तीने क्रमिक जोडणी कालबाह्य समजून वगळली होती, परंतु कारखान्यांत ती सर्रास वापरात होती; तिला परत आणण्यासाठी पूर्वी १२ व्होल्टचा पुरवठा वाहणाऱ्या काही पिना मोकळ्या करण्यात आल्या. आता नवे मॉड्यूल जुन्या वाहक-पट्टीवर चुकून बसले तर नाजूक संकेत-पिनेवर थेट १२ व्होल्ट येणार होते, म्हणून या पिनांनी तेवढा दाब सहन केलाच पाहिजे अशी अट मानकात घालण्यात आली. प्रत्येक मॉड्यूलच्या किमतीत त्यामुळे संरक्षक भागांची भर पडली, आणि ती सर्वांनी स्वीकारली.

पिना जुळल्या म्हणजे सारे जुळले असे मात्र नसते. यंत्रातील आज्ञावली मॉड्यूलशी बोलते ती बायोस या मूळ प्रणालीमार्फत आणि कित्येकदा थेट चिपेच्या पत्त्यांवर लिहून. एखादी आज्ञावली अडकून पडल्यास संगणक पुन्हा सुरू करणारा पहारेकरी-घड्याळ हा भाग जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलवर असे, पण त्याला आज्ञा देण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी होती. त्यामुळे एका कंपनीचे मॉड्यूल काढून दुसरीचे बसवले की पिना जुळूनही यंत्र गप्प बसे. पीआयसीएमजीने २०१० मध्ये ईएपीआय नावाने अशा आज्ञांचे समान रूप ठरवले, म्हणजे मॉड्यूलांचे मानक मंजूर झाल्यानंतर पाच वर्षांनी. हा विलंब अकारण नव्हता. मानक लिहिणारे बहुतेक पट्टी घडवणारे अभियंते होते आणि त्यांच्या दृष्टीने करार कनेक्टरपाशी संपत होता. पुढे इंटेलने २०१७ मध्ये जुन्या बायोसला दिलेली मुभा २०२० पर्यंत काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा डॉस किंवा जुन्या प्रणालींवर चालणाऱ्या यंत्रांना नवे मॉड्यूल देण्याचा मार्ग पिनांच्या प्रश्नाशी संबंध नसतानाही अरुंद झाला.

करारात न लिहिलेली आणखी एक बाजू पुरवठ्याची आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशाच्या वापरावर निर्बंध आणले. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर त्याच्या जागी आलेले कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण सुमारे २१७ अंशांना, म्हणून जुन्या मॉड्यूलचे उत्पादन पुढे चालवायचे तर पट्टी आणि भाग या जादा उष्णतेला टिकतील की नाही हे नव्याने तपासावे लागले. वैद्यकीय उपकरणांना त्या वेळी सूट होती, पण चिप-निर्मात्यांनी आपले उत्पादन बाजाराच्या मोठ्या हिश्शासाठी बदलले आणि सूट मिळालेल्यांनाही जुने भाग मिळणे कठीण झाले. अशा प्रसंगी शेवटची खरेदी हा या धंद्यातील रिवाज आहे : निर्माता उत्पादन थांबवण्याची तारीख आधी कळवतो, आणि यंत्र-निर्माता पुढील अनेक वर्षांच्या दुरुस्तीला पुरतील इतके भाग एकदम घेऊन कोठारात ठेवतो. किती घ्यायचे याचा हिशेब यंत्राच्या बिघाडाच्या अंदाजावर बेतलेला असतो. अंदाज कमी पडला तर यंत्र मोडीत निघते, जास्त झाला तर भांडवल अडकते.

हाच इतिहास अलीकडे एका स्वस्त मॉड्यूलच्या बाबतीत नव्याने घडला. ब्रिटनमधील रास्पबेरी पाय कंपनीने २०१४ मध्ये आपल्या शैक्षणिक संगणकाचा गाभा लॅपटॉपच्या स्मृतिपट्टीसाठी बनणाऱ्या २०० संपर्कांच्या कनेक्टरवर बसवून कम्प्यूट मॉड्यूल या नावाने विकला, आणि २०१७ चे तिसरे रूप त्याच कनेक्टरवर आणले. संपर्क तेच होते, परंतु पट्टीची उंची ३० वरून ३१ मिलिमीटर झाली आणि अधिक बलवान प्रोसेसर पूर्वीपेक्षा बराच अधिक प्रवाह मागू लागला. ज्यांनी आपल्या पेटीत एक मिलिमीटरही मोकळा ठेवला नव्हता किंवा वीजपुरवठा काटेकोर बेतला होता, त्यांना पट्टी पुन्हा आखावी लागली. २०२० च्या चौथ्या रूपात वेगवान जोडण्यांसाठी जुना कनेक्टर सोडून शंभर पिनांचे दोन नवे कनेक्टर घेतले गेले. या बदलाने जुन्या वाहक-पट्ट्या निकामी झाल्या असत्या, पण २०२२ मध्ये कंपनीने चौथ्या रूपाचाच प्रोसेसर जुन्या २०० संपर्कांच्या पट्टीवर बसवून ४एस नावाचे वेगळे मॉड्यूल काढले. नव्या जोडण्यांपैकी अनेक त्यावर उपलब्ध नाहीत आणि नव्या रचनेसाठी ते घ्यावे असे त्यात काही नाही. जुनी वाहक-पट्टी वापरणाऱ्या उद्योगांना ती न बदलता उत्पादन चालू ठेवता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.